बंद पडलेलं टचपॅड: सदाशिव पेठेतल्या एका लॅपटॉपचं प्रकरण

लॅपटॉप १५.६ इंची, चार वर्षं वापरलेला, विंडोज ११ वर चालणारा. मालकीण सी.ए.च्या परीक्षेची तयारी करणारी, सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी. तक्रार एका ओळीची होती: टचपॅड अजिबात चालत नाही. तोवर दोन दुकानं फिरून झाली होती. पहिल्या दुकानाने विंडोज नव्याने टाकून दिलं आणि ८०० रुपये घेतले, फरक शून्य. दुसऱ्याने टचपॅड बदलायचे ३,८०० रुपये सांगितले.

टचपॅड बदलावं लागलं नाही, कारण ते बिघडलेलंच नव्हतं. दोष एकूण तीन निघाले. एक लॅपटॉपच्या पोटात होता आणि तो धोक्याचा होता. दुसऱ्याची भर विंडोज नव्याने टाकताना पडली. तिसरा लॅपटॉपमध्ये नव्हताच, खोलीच्या भिंतीत होता. तिन्हींची खूण वरवर एकच, ती म्हणजे कर्सर नीट हलत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहोत.

आधी तारखा

‘टचपॅड बंद’ या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. कधीपासून, कसं कसं, कशाच्या जोडीने, हे विचारल्यावर हा क्रम हाती आला.

मे महिन्यात कर्सर अधूनमधून उड्या मारायला लागला. पण फक्त चार्जर लावलेला असताना. चार्जर काढला की सरळ.

जूनमध्ये टचपॅडचा खालचा उजवा कोपरा जड झाला, क्लिक करायला जोर लागायचा. त्यानंतर कर्सर मधेच गोठायचा, पाच-दहा सेकंदांनी परत चालू व्हायचा. टचपॅडशेजारी तळहात टेकतो ती जागा दाबली की तो लगेच हलतो, हे तिच्या लक्षात आलं आणि ती दाबून काम करू लागली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी लॅपटॉप सुरू केला तेव्हा टचपॅड मेलेलंच होतं. दाबूनही उपयोग होईना. मग वायरलेस माऊस घेतला. ‘पावसाळी दमट हवेने गेलं असेल’ असं दुकानात सांगण्यात आलं. ओल्या बोटाने किंवा पृष्ठभागावरच्या थेंबाने टचपॅड काही क्षण गोंधळतं हे खरं, पण ते पुसलं की संपतं. महिनाभर वाढत जाणारी तक्रार दमट हवेच्या माथी मारणं फार सोपं आहे.

या क्रमात मे महिन्याची तक्रार आणि जूनची तक्रार एकाच आजाराच्या पायऱ्या वाटतात. तशा त्या नव्हत्या. ते मात्र अगदी शेवटी कळलं.

सेटिंग्ज उघडण्याआधी पट्टी

टचपॅडची तक्रार आली की बहुतेक जण थेट सेटिंग्जमध्ये जातात. आमच्या मते पहिली तपासणी डोळ्याने आणि स्टीलच्या पट्टीने करायची. तिला दोन मिनिटं लागतात, आणि सगळ्यांत गंभीर शक्यता तीच पकडते.

लॅपटॉप काचेच्या टेबलावर ठेवला. एका कोपऱ्यावर हलकं बोट ठेवलं तर तो डुगडुगला, म्हणजे तळाचं झाकण सपाट राहिलेलं नव्हतं. पट्टी उभी धरून टचपॅडवर आडवी टेकवली, मागून मोबाइलचा टॉर्च दाखवला. डाव्या बाजूला पट्टीखालून उजेड येत होता, उजव्या बाजूला पट्टी टचपॅडवरच टेकत होती. उजवी कड आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा साधारण १ मिलिमीटर वर आलेली.

आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी पुढच्या कडेला, तळहात टेकतो त्या पट्ट्याखाली असते आणि टचपॅड तिच्या अगदी वर. मधे जेमतेम फट. बॅटरीतले सेल कडक डब्यात नसतात, ॲल्युमिनियमच्या पातळ थराच्या मऊ पाकिटात असतात. सेल जुना झाला, सतत १०० टक्के भरलेला राहिला आणि गरम होत राहिला की आतला इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन वायू तयार होतो. पाकीट फुगतं. फुगलेल्या पाकिटाला जागा मिळते ती दोनच दिशांना: खाली झाकणाकडे आणि वर टचपॅडकडे. हा लॅपटॉप चार वर्षं जवळजवळ अखंड चार्जरवर होता, तोही बरेचदा गादीवर ठेवलेला, म्हणजे खालच्या जाळ्या झाकलेल्या. त्यात पुण्याचे चार उन्हाळे.

इथे तपासाचा क्रम बदलला. सॉफ्टवेअर बघायचं थांबवलं, चार्जर काढला, लॅपटॉप पूर्ण बंद केला. त्या वेळी बॅटरी ३४ टक्के भरलेली होती. पूर्ण भरलेल्या फुगलेल्या बॅटरीपेक्षा अर्धी रिकामी बरी, पण ती रिकामी करण्यासाठी मुद्दाम वापरत बसू नये. फुगीर जागा दाबणं तर अजिबात नको. जूनभर तळहाताने जे दाबलं गेलं ते थेट सेलवर होतं. सेलमधल्या दोन पत्र्यांमधला पातळ पडदा दाबाने फाटला तर आतल्या आत शॉर्ट होतं आणि आग लागू शकते. लॅपटॉपमधून फुसफुस आवाज आला, गोडसर रसायनाचा वास आला किंवा तो बंद असतानाही तापत गेला तर दुरुस्तीचा विचार सोडायचा, खोलीबाहेर पडायचं आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवायचं.

आणखी एक गोष्ट पुण्यात आवर्जून सांगावी लागते. असा लॅपटॉप दुचाकीच्या डिकीत टाकून उन्हात दुकानोदुकानी फिरवू नये. तिथलं तापमान आणि खड्ड्यांतले दणके, दोन्ही वाईट.

उघडल्यावर

तळाला दहा स्क्रू, त्यातले पुढच्या कडेचे तीन आखूड. कोऱ्या कागदावर लॅपटॉपची चौकट काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो वरच्या फ्रेममधून बाहेर टोक काढतो, आणि पुढच्या कडेला नेमकं टचपॅड असतं. ‘दुरुस्तीनंतर क्लिक होत नाही’ या तक्रारीमागे कितीदा तरी हाच स्क्रू असतो. वापरलेली हत्यारं मोजकी: पीएच०० मापाचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर, प्लास्टिकची पातळ पट्टी, चिमटा, मल्टिमीटर. झाकण उचकटायला लोखंडी सुरी-पट्टी कधीच नाही. आत फुगलेला सेल असण्याची शक्यता असताना तर नाहीच नाही.

झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. त्यानंतर पॉवरचं बटण २० सेकंद दाबून धरलं, म्हणजे बोर्डावर उरलेला चार्ज उतरतो. मग बॅटरी पाहिली. तीन सेलची, ११.४ व्होल्ट, ४१ वॉट-तास. डावा सेल सपाट, मधला किंचित गोल, उजवा उशीसारखा. उजव्या सेलची जाडी कडेला ५.६ मिलिमीटर, मधोमध ८.१. अडीच मिलिमीटरचा हा फुगवटा टचपॅडच्या त्याच कोपऱ्याखाली होता जिथलं क्लिक जड झालं होतं.

क्लिक जड होण्याचं कारणही इथेच उलगडतं. टचपॅडची वरची कड बिजागरीसारखी धरलेली असते आणि खालच्या कडेखाली घुमटीसारखा छोटा स्विच असतो. बोटाने दाबलं की पॅड खाली झुकतं आणि स्विच दबतो. खालून सेलने जागाच खाल्ली तर झुकायला वाव राहत नाही. स्विच बदलूनही काही साधणार नव्हतं.

बॅटरी चार स्क्रूंनी बसवलेली होती, म्हणून ती सरळ उचलता आली. ज्या लॅपटॉपमध्ये ती डिंकपट्टीने चिकटवलेली असते, तिथे घरी उचकटायचा प्रयत्न करू नये. ते काम सराव असलेल्या माणसाकडेच द्यावं. काढलेल्या बॅटरीच्या कनेक्टरवर इन्सुलेशन टेप लावला आणि ती कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेरच्या गॅलरीत ठेवली.

दबाव गेला, टचपॅड तरी मुकंच

बॅटरी काढल्याबरोबर टचपॅड खाली बसलं, क्लिक मोकळं झालं. इथे घाई केली तर पुढचं काही कळत नाही. एका वेळी एकच बदल करायचा आणि मग पाहायचं, हा नियम पाळला. बॅटरीशिवाय, नुसत्या अडॅप्टरवर लॅपटॉप सुरू केला. बहुतेक लॅपटॉप तसे चालतात. केबलींना हात लावला नाही. टचपॅड मेलेलंच राहिलं. म्हणजे दबाव हे क्लिकचं कारण होतं, पण टचपॅड मुकं होण्याचं कारण अजून जागच्या जागी होतं.

आता सॉफ्टवेअर. टचपॅड आणि माऊस दोन्ही नसताना विंडोजमध्ये फिरायला कीबोर्ड पुरतो: विंडोजची कळ आणि एक्स, मग एम, की डिव्हाइस मॅनेजर उघडतो. टॅब आणि बाणांनी पुढे जायचं. फंक्शनच्या रांगेतली टचपॅडचं चित्र असलेली कळ एफएन दाबून पाहिली, काही नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, टचपॅड चालू होतं.

सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, त्यात ‘टचपॅड’ हे पानच दिसेना. पहिल्या दुकानात जाण्याआधी ते पान होतं, असं मालकिणीला पक्कं आठवत होतं. तिथून दुसऱ्या दोषाचा माग लागला.

पूर्वीची टचपॅडं पीएस-टू नावाच्या जुन्या मार्गाने जोडलेली असायची, आणि विंडोज नवं टाकलं तरी ती निदान कर्सर हलवण्यापुरती चालायची. गेल्या दशकभरातल्या बहुतेक विंडोज लॅपटॉपांत टचपॅड आय-टू-सी नावाच्या दोन तारांच्या मार्गाने बोलतं. हा मार्ग चालवणारा भाग प्रोसेसरच्या चिपसेटमध्ये असतो, आणि इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत त्याला ‘सीरियल आयओ’ हा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो भाग चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्राम, लागतो. तो नसेल तर टचपॅडपर्यंत जायचा रस्ताच नाही. विंडोजला ते दिसतच नाही. दुकानात विंडोज टाकलं, पण लॅपटॉपच्या कंपनीचे ड्रायव्हर टाकले नाहीत आणि अपडेटही थांबवून ठेवली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अदर डिव्हायसेस’खाली दोन ‘पीसीआय डिव्हाइस’ पिवळ्या खुणेसह पडून होते. तेच ते.

लॅपटॉपच्या तळावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घालून कंपनीच्या संकेतस्थळावरून चिपसेट आणि सीरियल आयओ हे दोन ड्रायव्हर घेतले, टाकले आणि रीस्टार्ट केलं. शट डाउन करून परत सुरू करणं आणि रीस्टार्ट यांत फरक आहे. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच परत उघडतो. ड्रायव्हर कोऱ्या पाटीवर सुरू व्हायला हवा असेल तर रीस्टार्टच करायचं.

आता ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’खाली ‘आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस’ उगवलं. पिवळ्या त्रिकोणासह, कोड १०: डिव्हाइस सुरू होऊ शकत नाही.

ही पाटी वाचायला शिकणं फार उपयोगाचं आहे. यूएसबीची वस्तू काढली की यादीतून नाहीशी होते. आय-टू-सीचं तसं नाही. या मार्गावर टचपॅड आहे ही माहिती विंडोजला टचपॅड देत नाही, मदरबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच साठवलेला मूळ प्रोग्राम, देतं. त्यामुळे टचपॅडची तार अख्खी तुटली असली तरी यादीत नाव राहू शकतं. मग विंडोज त्या पत्त्यावर विचारतं, ‘तू कोण, तुझं वर्णन दे’. वर्णन मिळालं तर रीसेट हो म्हणून सांगतं आणि टचपॅड एका वेगळ्या तारेवरून ‘झालो’ अशी खूण कधी देतं याची वाट पाहतं. त्या तारेला इंटरप्ट म्हणतात. यातलं एकही पाऊल चुकलं की कोड १०. म्हणजे रस्ता आहे, पत्ता बरोबर आहे, पण पलीकडून उत्तर येत नाही. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हापुन्हा टाकण्यात अर्थ नसतो. आता तारेकडे पाहायचं.

जूनचा सगळा प्रकारही इथे जुळतो. लॅपटॉप चालू असताना इंटरप्टची तार क्षणभर सुटली तर कर्सर गोठतो आणि तार टेकली की परत चालतो, कारण विंडोजने टचपॅडला आधीच ओळखलेलं असतं. पण तार सुरुवातीलाच सुटलेली असली तर विंडोज त्याला अपयशी ठरवून बाजूला ठेवतं. मग नंतर कितीही दाबा. जुलैत दाबून उपयोग होईनासा झाला तो यामुळे. मधल्या काळात आजार फार वाढला असेल असं नाही, फक्त सुटण्याची वेळ बदलली.

आठ तारांची पट्टी

टचपॅडपासून मदरबोर्डपर्यंत जाणारी केबल कागदासारखी चपटी, आठ तारांची, तारांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. त्यात ३.३ व्होल्टचा पुरवठा, ग्राउंड, आय-टू-सीच्या दोन तारा, इंटरप्ट आणि बाकी किरकोळ. मदरबोर्डकडचा सॉकेट पाहिला तर केबल तिरकी बसलेली. केबलवरची पांढरी रेघ सॉकेटच्या कडेला समांतर असायला हवी. इथे एका टोकाला ती जवळजवळ १ मिलिमीटर बाहेर होती. टचपॅड वर उचललं गेलं, केबलला ताण बसला आणि ती एका कोपऱ्यातून हळूहळू ओढली गेली.

बॅटरी नाही, अडॅप्टर काढलेला, पॉवरचं बटण पुन्हा दाबून धरलेलं, अशा स्थितीतच केबलला हात लावायचा. सॉकेटवर काळी खिट्टी असते. ती नखाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने उभी केली की केबल आपसूक सैल होते. खिट्टी न उघडता केबल ओढली तर सॉकेट बोर्डावरून उपटतो, आणि मग ९० रुपयांच्या केबलचं काम मदरबोर्डावरच्या सोल्डरिंगवर जातं. केबलचं टोक ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसलं, दोन मिनिटं वाळू दिलं, सरळ आत सरकवलं, खिट्टी लावली. परत नुसत्या अडॅप्टरवर सुरू केलं. कोड १० गेला, सेटिंग्जमध्ये टचपॅडचं पान आलं, कर्सर हलला.

इथे थांबलं असतं तर महिनाभरात तक्रार परत आली असती. केबलवर एक पांढुरकी घडी पडलेली होती, बॅटरीच्या कडेने दाबल्याची. केबल पूर्ण काढून मल्टिमीटरने एकेक तार तपासली. सपाट ठेवली तर आठही तारा जोडलेल्या. घडीजवळ हलकी वाकवली की कडेची एक तार सुटायची. म्हणून नवी केबल.

ती पुण्यात शोधायला लांब जावं लागत नाही. पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्लीच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. जुनी केबल हातात घेऊनच जायचं आणि चार गोष्टी जुळवायच्या: तारांची संख्या, तारांमधलं अंतर, लांबी, आणि दोन्ही टोकांची उघडी तांब्याची बाजू एकाच अंगाला आहे की विरुद्ध अंगांना. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. एकाच अंगाला हवी तिथे विरुद्धवाली आणली तर केबल सॉकेटमध्ये छान बसते, खिट्टीही लागते, आणि तांबं मात्र संपर्काच्या उलट्या बाजूला राहतं. मग नवी केबल लावूनही कोड १० दिसतो आणि निष्पाप टचपॅडवर शिक्का बसतो. ही केबल ९० रुपयांना मिळाली.

टचपॅडच्या पृष्ठभागाला इजा झाली का, हेही पाहणं आवश्यक होतं, कारण महिनाभर ते खालून वाकत होतं. विंडोजमधलं ‘पेंट’ हे चित्रं काढायचं ॲप उघडून टचपॅडवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सावकाश तिरप्या रेघा ओढल्या, दोन्ही दिशांनी, मग चारही कडांनी. आतल्या उभ्या-आडव्या पट्ट्यांपैकी एखादी तुटली असती तर रेघ ठरावीक जागी तुटली असती किंवा पायरीसारखी उडाली असती. रेघा सलग आल्या. ३,८०० रुपये वाचले ते या पाच मिनिटांच्या तपासणीने.

आणि एक छोटी गोष्ट, जी मोठा गोंधळ करते. केबल बसल्यावर वायरलेस माऊसचा डोंगल यूएसबीत परत लावला तेव्हा टचपॅड पुन्हा बंद पडलं. टचपॅडच्याच पानावर ‘माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा’ अशा अर्थाची खूण असते, ती काढलेली होती. माऊस खोक्यात पडलेला असला तरी डोंगल पोर्टात असेल तर विंडोजच्या दृष्टीने माऊस जोडलेलाच. टचपॅड चालत नाही म्हणून माणूस माऊस लावतो, आणि माऊस लावलेला असतानाच टचपॅड तपासतो. ही खूण काढलेली असेल तर दुरुस्त झालेलं टचपॅडही कधी दुरुस्त दिसणार नाही. तपासताना डोंगल काढून ठेवायचा.

नवी बॅटरी ३,२०० रुपयांना बसली. घेताना जुन्या बॅटरीवरचा भाग क्रमांक, व्होल्टेज आणि आयएस १६०४६ खालचा बीआयएस नोंदणीचा शिक्का हे पाहिलं. बसवल्यावर विंडोजचा बॅटरी अहवाल काढून लिहिलेली क्षमता आणि प्रत्यक्ष पूर्ण चार्जची क्षमता ताडून पाहिली. खूप दिवस गोदामात पडलेली बॅटरी नवी म्हणून गळ्यात मारली जाते ती इथे उघडी पडते. कंपनीच्या ॲपमध्ये चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली. दिवसभर चार्जरवर राहणाऱ्या लॅपटॉपला हे सगळ्यांत मोलाचं.

घरी गेल्यावर

दुसऱ्याच संध्याकाळी तक्रार आली: कर्सर परत उड्या मारतो. इथे नव्या बॅटरीवर किंवा नव्या केबलवर संशय घेणं साहजिक होतं. पण दुरुस्तीच्या टेबलावर चार तास चार्जर लावून टचपॅड सुरळीत चाललं होतं. आणि मे महिन्याची पहिली तक्रार, ‘फक्त चार्जर लावल्यावर’, तिला अजून उत्तरच मिळालेलं नव्हतं.

खोलीत तीन चाचण्या केल्या. चार्जर काढून, नुसत्या बॅटरीवर: कर्सर सरळ. चार्जर लावून: उड्या. तोच चार्जर, तोच लॅपटॉप, वाड्यात खाली मीटरच्या बोर्डाशेजारच्या पॉइंटवर: सरळ. दोष खोलीतच होता.

टचपॅड बोटाची विद्युत धारिता मोजतं, म्हणजे बोट जवळ आल्यावर आतल्या पट्ट्यांमधल्या विद्युत क्षेत्रात होणारा अतिसूक्ष्म बदल. लॅपटॉपच्या अडॅप्टरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम ठेवलेला असतो. अडॅप्टरच्या आतला वेगवान विद्युत खडखडाट (नॉइज) त्यातून परतवला जातो. अर्थिंग असेल तर उरलेला खडखडाट जमिनीत जातो. नसेल तर लॅपटॉपचं सगळं ग्राउंड अधांतरी तरंगतं. मग बोट टेकलं की त्या खडखडाटाला माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जायला वाट मिळते, आणि ती वाट नेमकी टचपॅडवरच्या बोटातून जाते. टचपॅडला एका बोटाऐवजी इकडेतिकडे नाचणारं बोट दिसतं. काही टचपॅडं तर अशा वेळी स्पर्श मानायचंच सोडून देतात आणि कर्सर गोठतो. चार्जिंगच्या वेळी धातूच्या झाकणावरून बोट हलकं फिरवलं की जी बारीक झिणझिण जाणवते, ती याचीच.

अडॅप्टरची पिन तीन पायांची होती, पण ती तीन पायांचं दोन पायांत करणाऱ्या जोडात घुसवून एक्स्टेंशन बोर्डात लावलेली. जोड काढला तरी फरक पडला नाही, कारण भिंतीतल्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती. जुन्या वाड्यांत दोन तारांचं वायरिंग अजून बरंच आहे. नंतर सॉकेट तीन भोकांचे बसवले गेले, तिसरी तार आलीच नाही. वाडामालकाने बोलावलेल्या इलेक्ट्रिशियनने मोजून दाखवलं: मीटरजवळच्या खऱ्या अर्थपासून लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टच्या धातूपर्यंत ८८ व्होल्ट. त्यामागचा प्रवाह अगदी क्षीण असतो, म्हणून झटका न बसता झिणझिण होते. पण टचपॅडला तेवढं पुरे.

उपाय म्हणून मीटरच्या बोर्डावरच्या अर्थच्या पट्टीपासून त्या खोलीतल्या दोन सॉकेटपर्यंत हिरवी तार नव्याने ओढली. मजुरी आणि तार धरून १,१०० रुपये. नंतर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये १.२ व्होल्ट, लॅपटॉपच्या धातूवर जवळजवळ शून्य. उड्या बंद.

काही जण सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेच्या तुकड्याने जोडून देतात. मीटरवर मोजमाप छान येतं, कर्सरही सरळ होतो. पण न्यूट्रल कुठेही सुटला तर त्या सॉकेटवरच्या प्रत्येक वस्तूचं धातूचं अंग २३० व्होल्टवर जातं. फ्रिज, इस्त्री, लॅपटॉप, सगळंच. असा जोड दिसला तर तो त्याच दिवशी तोडून घ्यावा. नळाच्या पाइपला तार बांधायची जुनी पद्धतही आता निरुपयोगी. मधला पाइप कुठेतरी प्लास्टिकचा झालेला असतो. अर्थची तार ओढेपर्यंतचे पाच दिवस लॅपटॉप बॅटरीवर वापरला आणि वापरात नसताना चार्ज केला. तात्पुरता उपाय म्हणून हा बिनधोक आहे.

तीन आठवड्यांनी परत विचारलं तेव्हा तक्रार नव्हती. बॅटरी, केबल आणि वायरिंग मिळून ४,३९० रुपये लागले, त्यात वायरिंगचे वाडामालकाने दिले. जुनी बॅटरी वाळूच्या डब्यासकट ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात, फुगलेली आहे असं तोंडी सांगून आणि डब्यावर लिहून दिली; ओल्या-सुक्या कचऱ्यात ती गेली असती तर कचरा वेचणाऱ्यांच्या हातात किंवा गाडीत दाबली जाताना पेटली असती. टचपॅडची उजवी कड अजून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी कमी वर आहे. भोवतीची फ्रेम तेवढी वाकलेली राहिली. क्लिक दोन्ही बाजूंना नीट होतं, म्हणून फ्रेम बदलली नाही. ती बदलायला कीबोर्डसकट सगळा वरचा भाग उतरवावा लागला असता.